निकेलखालचं पितळ

पप्पा, आज तुझा ट्रम्पेट खोलला. मम्मी आता बिछान्यावरून उठत नाही आणि तिचं एकच मागणं आहे, "तुझ्या पप्पाचो ट्रम्पेट वाजल्याशिवाय माका पुरू नको." गोव्यातला भाचा वाजवायला तयार आहे. पण वरचं निकेल सोलवटलेलं, हाताला हिरवं लागत होतं. प्लेटिंगवाला एकट्या वस्तूला हात लावेना. म्हटलं, घरीच चढवू.

सगळी मेहनत तयारीतच असते. गरम पाण्यात सोडा घालून तेलकटपणा काढायचा, मग बारीक पॉलिश पेपर, आणि नंतर उघडं बोट लावायचं नाही. मागच्या पडवीत मी घासत बसले आहे आणि कानात तू तेव्हा मम्मीवर ओरडलास तसाच ओरडतोयस, "ह्यो हंडो न्हय गो!" चर्चच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी मम्मीनं भांड्यांबरोबर ट्रम्पेटही बिंबल्यांच्या आंबट फळांनी घासला होता, हौसेनं. पितळ गुलाबी पडलं. तू तिला नको नको ते बोललास, आणि पुढे गुपचूप जाऊन त्यावर निकेल चढवून आणलंस. तिनं पुन्हा त्याला हात लावला नाही. पुसायचा झाला तर मला सांगायची. मला तेव्हा तुझा राग आला होता, अजूनही येतो.

घासून झालं की वरून पाणी ओतून बघतात. थेंब न धरता सलग पसरलं तर धातू स्वच्छ. पसरलं, पप्पा! मी एकटीच हसले. मग आतला सोडा धुवायला तोंडाकडच्या नळीत पाणी सोडलं, तर ते खालून माझ्या पायावर ठिबकायला लागलं. उजेडात धरली, तर नळीची चाळण झालेली. बिंबल्यांचा काही दोष नाही, ती आतून कुजली आहे. तू आयुष्यभर फुंकलेली ओली हवा आत बसून पितळ खात होती, आणि वरच्या निकेलमुळे ते कुणाला दिसलं नाही. आता मी कशावर काय चढवू?

आत गेले तर मम्मीनं विचारलं, "माझ्या बिंबलांनीच बिघाडलो मां तो?"

"नाय गो. बरो आसा. चकाकता."

तिचा चेहरा एवढा निवळला की मला बघवेना. म्हणाली, "मगे आयतवारी माका वाजवन दाखय."

हे पत्र मी तुझ्या थडग्यावरच्या खुर्सापाशीसुद्धा ठेवणार नाही. भाच्याकडे त्याचा स्वतःचा ट्रम्पेट आहे, मयताला तो वाजवला तर तिला कळायचं नाही; रविवारी तिच्यासमोर वाजवला तर ती लगेच ओळखेल. म्हणून जे पाद्रींना सांगायचीही माझी छाती नाही, ते इथे लिहिते: मम्मी रविवारच्या आत जावी, असं मला वाटतं आहे.