पांढऱ्या पोटाची नाचरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ओकले! तेही दादाच्या देखत. आता वर्षभर चिडवेल.

लग्नाचे फोटो काढणारी बाई मी. नवरी निदान जागची हलत तरी नाही. ही नाचरी म्हणजे चिमणीएवढं काळं कुळकुळीत पाखरू — पाण्यावर पाय आपटत पळतं, लाटेआड जातं आणि नको तिथे उगवतं. वर होडीचं डोलणं. दिवसभर शटर बडवलं, हाती काय? समुद्र, समुद्र, समुद्र. एका फोटोत शेपूट आलंय.

दादा म्हणाला, "वळवू का होडी?" म्हटलं, वळवलीस तर याद राख!

५ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाईंचा फोन. सुनावणी चोवीसला.

खाणवाल्यांना मोठा खडक फोडायचाय. तो गेला की आमच्या होड्यांचा आडोसा गेला. पहिल्याच वादळात दादाची होडी फुटणार, आणि नुसती दादाचीच नाही. हे सगळं कोर्टात सांगून झालं. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पण गेल्या वर्षी सहज काढलेल्या माझ्या एका पुसट फोटोत नाचरीचं पोट पांढरं दिसतंय. नाचरी तर सगळी काळी असते! पक्षीतज्ज्ञ म्हणतात, पोट खरंच पांढरं असेल तर ही जातच वेगळी, फक्त या खडकाच्या फटींत राहणारी. मग खडकाला कुणाला हात लावता येणार नाही. फक्त फोटो स्वच्छ हवा. उडतानाचा, पोटाकडून.

म्हणजे माणसं बुडाली तरी चालतील, पाखरू जगलं पाहिजे. असो. पाखरू तर पाखरू.

८ फेब्रुवारी, शनिवार

माशाचं तेल! पाण्यावर ओतलं की त्याच्या वासाने नाचऱ्या कुठून कुठून येतात आणि तवंगावर घिरट्या घालत बसतात. गेल्या वर्षी बाटलीभर ओतलं होतं. आज डबाच उपडा केला. आल्या की! हात लांब केला असता तर लागला असता. त्यातल्या काहींचं पोट चक्क पांढरं दिसलं. फोटो हलले, पण पांढरं आहे ते आहे.

वहिनीने दारातच अडवलं. "ते कपडे आत आणायचे नाहीत. आणि तूही नको येऊस!" विहिरीवर आंघोळ केली, तरी जेवताना ती नाकाला पदर लावून बसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तर दोन डबे. आता जवळजवळ प्रत्येक नाचरी पांढऱ्या पोटाची! काय आनंद झालाय म्हणून सांगू. वाटलं होतं एखाददुसरी उरली असेल, इथे तर कुळंच्या कुळं.

दादा सुकाणू धरून म्हणाला, "जन्म गेला माझा या पाण्यात. पांढऱ्या पोटाची कधी दिसली नाही बुवा. तू तेल घेऊन आलीस आणि निघाल्या."

"तुझं लक्ष कायम जाळ्यात. पाखराचं पोट कधी बघितलंस?"

"तेही खरं," म्हणाला. बिचारा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समुद्र खवळलाय. घरीच. वहिनीशी उगाच भांडले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मिळाला!! एकटी नाचरी, सरळ माझ्याकडे येऊन वर उचलली गेली, पंख पसरलेले, पोटावर लखलखीत पांढरा पट्टा. एकेक पीस मोजून घ्या. मी किंचाळले. दादाला वाटलं पाण्यात पडले.

परतताना काही नाचऱ्या पाण्यावरच बसून होत्या. होडी अगदी जवळ गेली तरी उठेनात. दादा म्हणाला, "दमल्यात गं." म्हटलं, तेल पिऊन सुस्तावल्यात. पोट भरल्यावर कोण उठतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाई फोनवरच रडायला लागल्या. "ताई, तज्ज्ञ म्हणतायत शंकाच नको. जिंकलो समजा!"

दादाला सांगितलं. तो उठला, धक्क्यावर गेला आणि होडीच्या कडेला टेकून उभा राहिला. मी मागून गेले तर डोळे पुसत होता. चाळिशी उलटलेला, दांडगा माणूस. मलाही राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोमुळे कुणाचं तरी भलं झालंय. नाहीतर आजवर नुसते अल्बम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा सकाळीच फडक्यात काहीतरी गुंडाळून आला. मेलेली नाचरी. खडकाखाली लाटेने आणून टाकलेली. आणखीही होत्या म्हणाला, ही त्यातली धड. पांढऱ्या पोटाचीच! वकीलबाई म्हणाल्या, घेऊनच या, फोटोवर कुणी बोट ठेवलं तर हिच्यावर कसं ठेवेल?

एवढ्या का मेल्या असतील? थंडी असेल. आज त्याचा विचार नको.

वहिनीला तिचा वास सोसवेना. "कोर्टात हे असलं नेणार? लोक काय म्हणतील! जरा धुऊन तरी घे."

२३ फेब्रुवारी, रविवार

मोरीत भांड्याच्या साबणाने धुतली. पाण्यावर तेल आलं. आमचंच, वासावरून कळलं. पंख्याखाली वाळवली. चिकटून फाकलेली पिसं मिटली, आतली पांढरी लव झाकली गेली. पोट काळं कुळकुळीत. कुठेही पांढरं नाही.

वहिनी डोकावली. म्हणाली, "बघ, किती छान निघाली!"