लालामामांची चोविसावी ओळ

कुंडल,
शुक्रवार, सकाळ

ती. लालासाहेब मामांच्या चरणी शिवांजलीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखर साष्टांग आहे. फोनवरून घातला असता, पण मंगळवारपासून तुम्ही मला ब्लॉक केलं आहे.) सेलममध्ये तुमची आणि मामींची तब्येत बरी असावी, सोन्याच्या गलाईची भट्टी नीट पेटत असावी आणि गुडघ्याला रोज तेल लागत असावं. इकडे आई सोडून सगळे खुशाल आहेत. आई म्हणाली, "माझ्या भावाला कागदाचा मान लागतो बघ. तुझ्या मेसेजला कोण ईचारतंय?" म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टाने.

झालं ते असं. आपल्या पाहुण्यांचा मान एका छापील पत्रिकेत कधीच मावत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. (दादाच्या पत्रिकेत तुमचं नाव तिसऱ्या ओळीत आलं, तेव्हा तुम्ही वरातीत न चालता शेजारच्या बोळातून, पण वरातीच्याच वेगाने चालला होता.) म्हणून माझ्या लग्नाची पत्रिका मी वेबसाईटवर केली. पाहुण्याने आपलं नाव टाकायचं, की त्याच्या पानावर त्याचंच नाव पहिलं. खाली 'येणार' असं बटण. कुणी रुसायचं कारणच नाही, असं मला वाटलं.

आता तुमच्याच दुकानाचं घ्या. काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्यांची मोड घेतो, पण स्वतः वितळवत बसत नाही. तो ती मागे भट्टीवर देतो आणि शुद्ध सोनं आलं की गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. वेबसाईटचंही तसंच. पुढे सर्व्हर बसतो. पान कसं बनवायचं ते ज्यात लिहिलेलं असतं ती स्क्रिप्ट त्याने मागच्या वेगळ्या प्रोसेसरकडे द्यायची आणि तयार पान पाहुण्याला दाखवायचं. कुठे द्यायची, तेवढं सर्व्हरला आधी लिहून द्यावं लागतं. मी दिलं होतं, पण भट्टीचा पत्ता चुकला. सर्व्हर बंद दारावर थापा मारून परत यायचा आणि ५०२ असा आकडा दाखवायचा. दोष कुठे आहे ते बघायला मी त्या ओळी तात्पुरत्या बंद केल्या, तेवढ्यात हळकुंडं फोडायला हाक आली. (पाच सवाष्णी खोळंबल्या होत्या. नवरीला 'थांबा, सर्व्हर चालत नाही' म्हणायची सोय नसते.) आणि नेमकी तेव्हाच बयाआत्याने लिंक ग्रुपवर टाकली.

भट्टी आहे हेच सर्व्हरला ठाऊक नाही. त्याने येईल त्याच्या हातात पत्रिकेऐवजी अख्खी स्क्रिप्ट ठेवली, माझ्या टिपांसकट. या टिपा लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या असतात. भट्टीत त्या जळून जातात, पाहुण्याला कधी दिसत नाहीत. अडुसष्ट पाहुण्यांनी त्या वाचल्या. 'मुहूर्त बारा पस्तीस, भावकीला अकरा पस्तीस दाखवणे.' (आता भावकी दीडला येणार.) 'उदयसिंहकाका पलटणीतले, त्यांना खरी वेळ.' काका तेव्हापासून छाती काढून हिंडताहेत. 'बयाआत्या: अगत्य येणे दोनदा लिहिणे, एकदाने भागत नाही.' आत्या "खरं हाय की" म्हणून हसली. आणि चोविसावी ओळ: 'लालामामा: नाव सगळ्यांच्याच पानावर पहिलं, पाहुण्याच्या नावाच्याही आधी. जेवायला बोलवायला बाबांनी स्वतः जाणे. रुसतात.' कुणीतरी तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवला. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, "आमी रुसतो व्हय? मग आता रुसलोच म्हणा. लग्नाला येत न्हाई." आणि ग्रुप सोडलात.

मामा, चूक माझीच आहे. पण मूळ शोधत गेलं तर दोष तुमच्याकडे येतो. मी बारावी झाले तेव्हा सेलमपासून मिरजेपर्यंत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन कोण आलं होतं? हमालालासुद्धा हात लावू दिला नाहीत. तो आणला नसता तर आज मी इतरांसारखी पत्रिका छापली असती आणि तुम्ही नेहमीसारखे फक्त बोळापुरते रुसला असता. अकरा दिवसांनी गुरुजी माईकवरून 'मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणतील. तुमच्या जागी बाबांनी चुलतमामा म्हणून ज्ञानूमामांचं नाव काढलं. माणूस चांगला आहे, पण मी नको म्हटलं. माझ्या पाठीशी मला तुम्हीच पाहिजे आहात. याहून सरळ मला लिहिता येत नाही.

मामींना नमस्कार सांगा.

रुसण्यात तुमच्यावरच गेलेली,
तुमची शिवांजली

ता. क. काल भट्टीचा पत्ता बरोबर लिहिला. आता पान व्यवस्थित उघडतं आणि तुमचं नाव सगळ्यांकडे पहिलं दिसतं, ज्ञानूमामांकडेसुद्धा.

ता. क. दुसरा. तुम्हाला आलेला फोटो चोविसाव्या ओळीशी कापलेला आहे. पंचविसावी ओळ टीप नव्हती, प्रोसेसरने पाळायचा हुकूम होता: लालामामांनी 'येणार' दाबल्याशिवाय मुहूर्ताची वेळ कुणालाच दाखवू नये. कालपासून प्रोसेसर तो इमानाने पाळतो आहे. टिपेतल्या बारा पस्तीसवर आता कुणाचा विश्वास नाही, त्यामुळे वेळेची जागा कोरी बघून सगळे मलाच विचारत होते. मी त्यांना तुमचा नंबर दिला आहे.