दादाला जिना, धाकटीला तळमजला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे, फुप्फुसं नाहीत. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आलेल्या दादाला मी दारातूनच परत पाठवलं आहे.

१. आजाराबाबत. माझ्या श्वासनलिका कायम सुजलेल्या असतात आणि फुप्फुसं झिजत चालली आहेत. जन्मात सिगारेट ओढली नाही. तरी मी मागच्या खोलीत चोरून ओढते, असं वहिनीने वीस वर्षं नातेवाइकांत पसरवलं. शेवटी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. फुप्फुसांचं रक्षण करणारं एक प्रथिन माझ्या रक्तात जवळजवळ नाहीच. ते बनवणारं जनुक आईकडूनही सदोष आलं आणि वडिलांकडूनही. या अहवालाची एक प्रत वहिनीला चौकटीत बसवून द्यावी. खर्च माझ्या शिलकीतून करावा.

२. वरचा मजला दादाला. तो रोज वीस सिगारेटी ओढतो आणि सत्तराव्या वर्षी जिन्याच्या सतरा पायऱ्या शीळ घालत चढतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या वाट्याला चांगलं जनुक आलं असणार. दादा म्हणतो, हे व्यायामाचं फळ. कसला व्यायाम, ते मी साठ वर्षांत पाहिलेलं नाही.

३. तळमजला, दोन्ही मशिनी आणि मोठी कात्री धाकट्या बहिणीला. बाजारातून घरी येईपर्यंत ती तीनदा थांबते. घरात तिला आळशी म्हणतात. मीही म्हटलं आहे, तेही गिऱ्हाइकांसमोर. त्याची मला लाज वाटते.

४. अट. सख्ख्या भावंडात हाच दोष असण्याची शक्यता निदान चारात एक आहे. पण दादाने धाकटीला तपासणीला जाऊ दिलं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे: "आपल्या रक्तात खोट आहे हे गावभर करायचंय का? तिच्या पोरीचं लग्न जमायचंय अजून." सबब, धाकटीने रक्त तपासून घेतल्याशिवाय तिला तळमजल्याची किल्ली देऊ नये.

५. इथवर टाइप करून टंकलेखकाने हात थांबवले.

"ताई, हे त्या वाचणार कधी?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ना हे?"

"मग तोवर त्यांनी धापा टाकत बसायचं का?"

मी म्हटलं, तू आपलं टाइप कर. तो करेना. आगाऊ आहे, पण त्याचं खरं आहे. महत्त्वाचं बोलणं मेल्यावर करायचं, ही आमच्या घराची खोड. आईला कधीपासून दम लागत होता, हे आम्हाला तिच्या दागिन्यांच्या वाटणीच्या चिठ्ठीतून कळलं. दादाला नावं ठेवता ठेवता मीही तेच करत होते.

६. कलम चार रद्द. किल्ली बिनशर्त द्यावी. धाकटीला आत्ताच फोन केला. ती म्हणाली, "ताई, दादा ओरडेल गं."

म्हटलं, "ओरडू दे. त्याला दम भरपूर आहे."

उद्या सकाळी नऊला आम्ही दोघी दवाखान्यात जाणार आहोत. अहवाल वाईट आला तर तिला तो एकटीने वाचावा लागणार नाही. एवढं माझ्याच्याने अजून होतं, आणि ते मी जिवंतपणी करणार आहे.

सही: थोरली बहीण (मध्ये दोनदा थांबून)
साक्षीदार: छातीच्या डॉक्टरीणबाई, टंकलेखक (आगाऊ)
ठिकाण: शिवणाच्या दुकानामागची खोली
दिनांक: नऊ मार्च