निधनवार्तांचे पान

कफ्र मंदूर, ४ मार्च

ती. वजीहदादास,
नवालचा शि. सा. न.

गावचे फोन शनिवारपासून बंद केलेत, म्हणून तुमच्या पेपरचे गठ्ठे आणणाऱ्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र धाडते. सरकारी गव्हाची कोठी कोसळली. अकरा माणसं गेली. तुझे मेहुणे बहगत तळघरात अडकलेत, पण जिवंत आहेत, दादा! नळावर ठोके ऐकू येतात. मी तीन दिले, तर तिकडून तीन आले. खणायला एकच यंत्र आहे, तेही चार दिवसांत नेणार म्हणे. पेपरात आलं तर नेणार नाहीत. बत्तीस वर्षं तिथली खुर्ची झिजवलीस, दोनच ओळी मागते.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
नवाल

कैरो, ५ मार्च

चि. सौ. नवालीस अनेक आशीर्वाद.

बातमी स्वहस्ते लिहिली. मग मंत्रालयाचा कृपावर्षाव सुरू झाला. दुपारपर्यंत एकाहत्तर निवेदने: नवी राजधानी, जगातला सर्वोच्च ध्वजस्तंभ, एका गायिकेच्या घटस्फोटाची चौकशी, वाळूत सापडलेली मांजराची ममी. सगळी अक्षरशः छापणे बंधनकारक. कोठीची बातमी दडपा, असे कुणीही म्हणाले नाही. संपादक तर म्हणाले, अवश्य छापा, जागा उरली तर. मांजर पहिल्या पानावर आहे.

निवेदने न पोचणारे एकच पान उरले आहे, निधनवार्तांचे. आपले लोक पेपर उघडतात तेही तिथूनच. बहगतची निधनवार्ता देऊ? तीत कोठी, तळघर, ठोके, सारे घालतो. अमंगळ आहे, जाणतो. संमती कळव.

लोभ आहेच, फक्त या आठवड्यात तो निरुपयोगी ठरला.
वजीह

कफ्र मंदूर, ६ मार्च

ती. दादास सा. न.

छाप. जिवंतपणी बायकोने मारलं म्हणून हे जन्मभर टोमणे मारतील. मारू देत.

नवाल

कफ्र मंदूर, ८ मार्च

ती. दादास सा. न.

वार्ता वाचली. चांगली लिहिलीस. सकाळी शेजारच्या गावांतून माणसं फावडी घेऊन आली, पोलिसांनी पुलावरच अडवली. मग त्यांचे साहेब तेच पान घेऊन आले. ठोक्यांचं वाक्य गाळून वाचलं आणि म्हणाले, घरच्यांनीच मृत्यू जाहीर केलाय, आता शोध कसला? माझं सांत्वनही केलं. वार्ता खोटी आहे असं लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, खोटं छापवणं गुन्हा आहे, कुणी छापलं त्याचं नाव सांगा. मी सांगितलं नाही.

यंत्र दहा वाजता गेलं. त्याची घरघर थांबल्यापासून ठोके फार स्पष्ट येतात. एकामागून एक तीन, मग ते थांबतात, माझी वाट बघतात.

रागावलेले नाही, लोभ तसाच आहे. यांच्या ठोक्यांना उत्तर काय देऊ, तेवढं कळव.

नवाल