पाहुणा आत येऊ इच्छितो

सोमवार, ३ जून

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवरचा माझा भरवसा उडालाय. पाकीट डिंकाने चिकटवून वरून मशीनवर शिवण मारली आहे. शिवण उसवलेली दिसली तर समज, वाटेत कुणीतरी वाचलं.

मुद्द्याचं सांगते. दर रविवारी अकराला आपण तिघं भावंडं कॉम्प्युटरवर बोलायला बसतो, त्यात चौथं कुणीतरी येऊन बसतं. तुझा चौकोन, मधल्याचा चौकोन, माझा चौकोन आणि कोपऱ्यात एक काळा चौकोन. त्यावर नुसतं ‘पाहुणा’ लिहिलेलं. तोंड नाही, आवाज नाही. मधल्याला विचारलं तर म्हणाला, तुझं यंत्र जुनं झालंय, दाखवतं असं काहीबाही. यंत्र जुनं झालं की टाका सोडतं, पाहुणे आणत नाही.

आपण काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. अण्णा न्हाणीघरात पडले त्याला वर्ष झालं. आता त्यांना एकटं ठेवायचं की म्हाताऱ्यांच्या त्या संस्थेत पाठवायचं, ते तीस तारखेपर्यंत कळवायचंय. ठरेपर्यंत अण्णांच्या कानावर जायला नको, हे तूच म्हणालास. सव्वीस तारखेला मी बोलले की तिथे एका खोलीत तिघं असतात, अण्णांचं टोल्यांचं घड्याळ चालणार नाही. आणि बुधवारी तेच घड्याळ गोणपाटात बांधून माझ्या दारात हजर! सोबत चिठ्ठी, तुझ्याकडे राहू दे. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्या एका घड्याळाला आईलासुद्धा हात लावू दिला नाही. त्यांना कुणी सांगितलं? मी नाही, तू नाही. मग उरलं कोण?

माझा संशय मधल्याच्या बायकोवर आहे. रोज अण्णांचा डबा घेऊन तीच जाते. तोंडाने साखर, पण कान बघ कसे टवकारलेले असतात.

माझा चेहरा दिसत नाही म्हणून तुम्ही दोघं ओरडता. कॅमेऱ्यावर मी अस्तराचा तुकडा चिकटवलाय. आणि मागे ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ अशी पाटी आली, मी घाबरून दाबलं, तेव्हापासून टक्कल घालवायच्या तेलाच्या जाहिराती येतात. माझ्या डोक्यावर एवढा भारा असताना! यांना माझं डोकं दिसत नाही म्हणजे तुकडा बरोबर बसलाय.

काय करायचं ते सविस्तर लिही, आणि शिवून पाठव. तब्येतीला जप, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


शुक्रवार, ७ जून

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझी शिवण इतकी पक्की की कात्री लावताना पत्राची पहिली ओळच कापली गेली. आशीर्वाद दोन तुकड्यांत मिळाले. मी मात्र नुसता डिंक लावतोय, माफ कर.

आधी अस्तर काढ. कॅमेरा चालू असला की त्याच्या शेजारी बारीक दिवा लागतो. दिवा नाही तर तो बघत नाही. मग ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून तू बैठकीत येतेस ती. ती फार जुनी झाली आहे. वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात, तिथून अपडेट कर. वर पत्ता लिहिलेला असतो त्याच्या डावीकडे एक छोटं चिन्ह आहे, ते दाब. तिथे माइकला तू हो म्हटलंयस, पण कॅमेऱ्यापुढे ‘नाही’ असेल, तिथे ‘परवानगी द्या’ कर. ताई, बाकी प्रत्येक प्रश्नाला तू ‘नाही’ दाबून ठेवलंयस. ब्राउझरला एकदा नाही म्हटलं की तो ते धरून बसतो. पुन्हा विचारत नाही, रुसल्यासारखा गप्प राहतो. तेलाच्या जाहिरातींना मात्र खुशाल नाही म्हण. त्या ‘सूचना’ नावाच्या ओळीतून येतात, तिथे बंद कर.

आता पाहुणा. वर्षभर आपण एकच लिंक वापरतोय. ती ज्याच्याकडे असेल तो सरळ आत येऊन बसू शकतो, आणि नाव न लिहिता आला की यंत्र त्याला पाहुणा म्हणतं. मी आजपासून बाहेर एक दार बसवलंय आणि यजमान तुला केलंय. कुणी आलं की तुझ्यापुढे ‘पाहुणा आत येऊ इच्छितो’ अशी पाटी येईल. तू घेतलंस तरच तो आत. आत असलेल्यालाही बाहेर काढता येतं.

तू ती लिंक कुणाला दिली होतीस का, ते नीट आठव. तोवर वहिनीच्या अंगावर जाऊ नकोस. साप साप म्हणून भुई धोपटायची तुझी जुनी सवय आहे.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा बारक्या


सोमवार, १७ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी एकाच तुकड्यात. शिवण जरा सैल मारली आहे.

लिंक मी कुणाला देईन? मी शेजारणीला सुईसुद्धा देत नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तीन ठिपके सापडले. चेहरा दिसला, आणि तुम्ही म्हणालात, ताई थकलीस. त्यापेक्षा अस्तर बरं होतं.

नऊ तारखेला मी जरा उशिरा बसले, तर तुम्हा दोघांच्या आधी पाहुण्याची पाटी. चुकून ‘घ्या’ दाबलं गेलं. मग मी त्याच्या चौकोनावर बोट ठेवून त्याला सरळ बाहेर काढलं. तुम्हाला सांगितलं नाही, पण असा आनंद झाला म्हणून सांगू! काल पुन्हा आला. तासभर दाराशी. पाटी तशीच, पाहुणा आत येऊ इच्छितो, पाहुणा आत येऊ इच्छितो. मी म्हटलं, बस इच्छित. आपण उठलो तेव्हा कुठे गेला. चिवट आहे मेला.

मधे गुरुवारी अण्णांकडे जाऊन आले. तिथेच मधल्याच्या बायकोला गाठलं आणि तोंडावर विचारलं, की चोरून ऐकतेस आणि इथे येऊन ओततेस ना? तिने डबा खाली ठेवला. म्हणाली, मला तुमच्या बैठकीचं काही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी त्यांना हे सांगितलं नसतं, मला त्यांच्या तोंडाकडे रोज बघावं लागतं. आणि निघून गेली. चोराच्या उलट्या बोंबा. पण बारक्या, जाताना चप्पल घालायची विसरली, ते काही नाटक वाटलं नाही.

अण्णा आतून सगळं ऐकत होते. वाळलेत. खिडकीजवळच्या मेजावर एक घड्याळ उघडं पडलं होतं, शेजारी तू दिलेला टॅब, रुमालाखाली झाकलेला. जाताना मला विचारलं, कुणी आतून दार लावून घेतलं तर माणसाने काय करावं? मी म्हटलं, कडी वाजवावी. म्हणाले, कडीच नाहीये. वय झालं की डोकं असं भरकटतं. म्हणूनच म्हणते, संस्थेला हो कळवून टाकू.

पाहुणा कोण ते तू तुझ्या बाजूने शोधून काढ. सापडला की आधी मला सांग, पोलिसांना नंतर. जेवत जा, आणि ताईला धरून राहा.

ताई


शुक्रवार, २१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच, आणि बसून वाच.

बैठकीत कोण कधी आलं याची नोंद राहते. ती मी वर्षभराची काढून पाहिली. पाहुणा एकही रविवार चुकलेला नाही. फोनवरून नाही, कॉम्प्युटरवरून नाही, टॅबवरून येतो. आणि बावन्न रविवार येण्याची वेळ एकच, दहा वाजून पंचावन्न मिनिटं. आपल्या घरात कुठेही पाच मिनिटं आधी कोण पोहोचतं, ताई?

अण्णा पडले तेव्हा हीच बैठक आपण त्यांच्यासाठी सुरू केली होती. टॅब मी पाठवला, लावून तू दिलास. नंतर त्यांचा आवाज येईना, तेव्हा आपणच म्हटलं की अण्णांना काही हे जमत नाही, आणि आपलं आपण बोलत राहिलो. टॅब लावताना तू त्यांना काय काय सांगितलं होतंस, ते आठवून बघ.

मला दुसरं काही लिहिवत नाही.

तुझा बारक्या


शनिवार, २२ जून

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कडी नाही म्हणून पत्र लिहितो आहे.

तू टॅब दिलास तेव्हा बजावलं होतंस की यात सगळे लबाड बसलेत, काहीही मागितलं तर ‘नाही’ दाबायचं, आणि नाव तर मुळीच द्यायचं नाही. माइक मागितला, मी नाही म्हटलं. कॅमेरा मागितला, नाही म्हटलं. नाव मागितलं, रिकामं सोडलं. तुमची तोंडं दिसायची, बोलणं ऐकू यायचं. मी बोलायचो, ते तुम्हाला ऐकू जात नव्हतं. आधी वाटलं, मुलं कामात आहेत. टॅब उघडताच बैठक येईल असं तू करून दिलं होतंस, म्हणून येत राहिलो.

घड्याळाचं तू बोललीस ते ऐकलं. तुझ्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून पाठवलं. त्याला दर रविवारी किल्ली दे, जास्त पिळू नकोस. मधल्या सुनेने मला कधी एक शब्द सांगितला नाही. तिला बोललीस ते तुला शोभलं नाही.

नंतर तू मला बाहेर काढलंस. ते यंत्राचं असेल म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा आलो. ‘थांबा, यजमान तुम्हाला आत घेतील’ असं लिहून आलं. थांबलो.

संस्थेत जाणार नाही असं मी म्हणत नाही. तिथल्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे का, एवढं विचारा, असं मी चार रविवार ओरडून सांगत होतो. बारीक स्क्रू दिसायला सकाळचा उजेड लागतो.

डोळ्यांना जप. सुईत दोरा ओवताना चष्मा लावत जा.

अण्णा


बुधवार, २६ जून

ती. अण्णांना,
थोरलीचा शि. सा. न. वि. वि.

चार बुकं शिकले ती तुमच्याच मेजाशी बसून. त्यात माफीचं पत्र कसं लिहायचं ते नव्हतं, म्हणून आडवंतिडवं लिहिते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली. सगळ्या जगावर संशय घेतला आणि दार घरच्या माणसावर लावलं. रविवारी मी बसलेच नाही. बारक्याचं पत्र हातात होतं आणि तुमचं घड्याळ अकरा टोले देत होतं.

काल मधल्याच्या बायकोकडे गेले. तिने दार उघडलं, पण लगेच नाही. मी बाहेर उभी राहिले. तेवढं मला हवंच होतं. आता शनिवारी डबा आणेल तेव्हा ती तुमच्या टॅबवर पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबेल, माइक आणि कॅमेऱ्याला ‘परवानगी द्या’ करेल आणि तुमचं नाव लिहील. या एकदाच हो म्हणा. बाकी तेलाबिलाला नाहीच म्हणायचं.

संस्थेला विचारलं. खिडकी पश्चिमेला आहे. मी त्यांना सांगितलं, उत्तर तीस तारखेला मिळेल आणि ते आमचे वडील देतील.

तीस तारखेला रविवार आहे. बारक्याला सांगून यजमान तुम्हाला केलंय. आम्ही तिघं आणि मधली सून, चौघंही बाहेर थांबू. तुमच्यापुढे पाटी येईल. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही घेतलंत तरी मी तासभर उठणार नाही.

हे पाकीट शिवलेलं नाही. कुणी वाचलं तर वाचू दे.

दहा पंचावन्नला दाराशी असणारी,
तुमची थोरली