प्रोसेसर की माझे हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑनलाइन गेममध्ये परत हरलो! परत माझ्यामुळे. समोरचा दारातून आत शिरला, मला दिसला, मी बटण दाबलं — आणि पडदा अर्धा क्षण थिजला. हलला तेव्हा मी मेलेली होते. टीममधली चिमणी — विशीतली पोर — म्हणाली, "मावशी, झोपलात का?" सगळे हसले. दोन वर्षं याच पोरांना मी जिंकवत होते. तेव्हा मावशी नव्हते, कॅप्टन होते.

प्रोसेसर सहा वर्षांचा झाला. बदलायलाच हवा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात जाऊन आले. नुसता प्रोसेसर बसणार नाही म्हणे. मदरबोर्ड बदला, रॅमही बदला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! वर दुकानदार म्हणतो, "मशीन एकदा आणा, बघून सांगतो." बघणार काय? गिऱ्हाईक किती कापता येतंय ते!

नवऱ्याला विचारलं. त्याच्या ऑफिसातले तीनशे कॉम्प्युटर तोच सांभाळतो. त्याने बसून सगळं तपासलं. मग हळूच म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे गं. तुझे हात मंदावलेत थोडे. सेहेचाळीस म्हणजे काही कमी नाही." इतक्या मायेने बोलला की भांडताही येईना.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी एकटी खेळले. झकास! एक गोळी वाया नाही. संध्याकाळी टीमबरोबर बसले — पुन्हा तेच रडगाणं. नवरा म्हणतो, दिवसभर राबून बोटं थकतात. आज तर सुट्टी होती! पण असेलही. त्याने बोटांना तेल चोळून दिलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

टीममधून काढलं. नवा कॅप्टन लिहितो, "मावशी, प्रेक्षक म्हणून या ना." प्रेक्षक! याला बंदूक धरायला मी शिकवलं. गरज सरो, वैद्य मरो.

सात वाजता, टीमच्या रोजच्या खेळाच्या वेळी, मोकळीच होते. दोघं एकत्र जेवलो. नवरा खुशीत, माझं लक्ष घड्याळाकडे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये मेणातून दात कोरतेय मी. समोरच्या दाताची कड केसभर चुकली तर माणसाचं हसूच वाकडं होतं. आज कोरणी हातात घेतली आणि भीती वाटली. हात थरथरला नाही, काही चुकलं नाही — नुसती भीती. मालकीणबाईंना म्हटलं, कोरायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, माझे हात गेले. त्या म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! तुमच्यासारखी कड कुणाला येते?"

पण मी ऐकलं नाही. घरी येऊन रडले. नवऱ्याने जवळ घेतलं. "सोड तो खेळ. विकून टाकू मशीन."

बरं, विकू. प्रोसेसरचा प्रश्न मिटला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मशीन घेऊन त्याच दुकानदाराकडे गेले. घ्यायच्या आधी त्याने सुरू करून पाहिलं. बराच वेळ खुडबुड चालली. मग म्हणाला, "ताई, हे तुम्ही लावलंय का?"

रोज संध्याकाळी सात वाजता प्रोसेसरचा वेग निम्म्याहून खाली आणायचा, दहा वाजता परत सोडायचा — असा हुकूम आत कुणीतरी लिहून ठेवलेला. ऑक्टोबरपासून. लिहिणाऱ्याचं नाव — नवऱ्याचं.

"प्रोसेसर अजून तीन वर्षं बदलू नका," दुकानदार म्हणाला. तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. आणि मी याला चोर समजत होते!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. निदान मान खाली घालेल.

वाढून घेता घेता म्हणाला, "पण रोज एकत्र जेवायला लागलो ना आपण!"

म्हटलं, लॅबमधली माझी जागा गेली. आज माझ्या टेबलावर नवी बाई बसली.

"बरं झालं. तशीही दमत होतीस."

बहिणीला फोन केला. राहायला येतेय, म्हटलं. माझा कॉम्प्युटर घेऊन.