लाल ठिपक्याचं कार्ड

अहो,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, थांबले. तुम्ही जाऊन अकरा महिने झाले, एवढ्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण आज दुपारी तुमचं खोटं माझ्या हाती लागलं आणि जाब विचारायला तुम्ही घरात नाही.

निमित्त तुमच्या व्हिडिओ गेमचं. निवृत्तीनंतर मुलाने आणून दिलेला, दोन्ही हातांत धरून तुम्ही खिडकीशी बसायचात, तोच. सईला आजोबांची आठवण म्हणून हवा आहे. बंद पडलेली वस्तू मी नातीला देत नाही, म्हणून चार्ज करून चालू केला. पडद्यावर पाटी आली : मेमरी कार्ड वाचता येत नाही.

मी बीएस्सी झालेली बाई, पाटीला घाबरत नाही. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. मग बाजूचं झाकण उघडून कार्ड काढलं, सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने पुसल्या, परत बसवायला उलटं केलं, तर पाठीवर लाल ठिपका.

नखाएवढं कार्ड आणि त्यावर माझं नेलपॉलिश. दुसऱ्या कार्डांत मिसळू नये म्हणून मीच तो ठिपका दिला होता. आईचं कार्ड. चार वर्षं हरवलेलं.

आई आजारी होती तेव्हा मी तिला बोलतं करून तिचा आवाज फोनमधल्या या कार्डावर रेकॉर्ड केला होता, आठवतं का? चार दुपारी. दिंडोरीच्या शाळेत ती शिकवायला लागली, तेव्हा पहिल्या दिवशी वर्ग उभा राहिला नाही, म्हणून तीही तासभर खुर्चीवर बसली नाही, ते सांगितलं होतं तिने. मध्येच, "अगं, ते बंद कर आधी, दूध उतू जातंय."

ती गेल्यावर कार्ड मी सिन्नरला कुंदाकडे दिलं, बहिणीकडेही एक प्रत असावी म्हणून. तिचा कॉम्प्युटर बिघडलेला, त्यामुळे प्रत झालीच नाही. महिनाभराने ती घरी आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "ताई, मी तर कधीच परत दिलंय. दाजींच्या हातात. तू बाजारात गेली होतीस."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "मला नाही बुवा आठवत."

"दाजी, नीट आठवा. पाकिटात घालून दिलं होतं. तुम्ही मला चहा करून दिलात."

"चहा आठवतो," तुम्ही म्हणालात.

मी कोणावर विश्वास ठेवणार होते? ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं विमानाचे भाग तपासणारा माणूस, एका बोल्टवर चरा दिसला तर अख्खी पेटी परत पाठवणारा. आणि समोर कुंदा, जी छत्र्या विसरते, चष्मे विसरते. मी तिला म्हणाले, "आईचा आवाजसुद्धा तुला सांभाळता आला नाही?" ती चपला घालून निघून गेली. तुमच्या दहाव्याला गोदेवर आली होती, लांब उभी होती. मी मान वळवली नाही.

आज कार्ड घेऊन कॉलेज रोडच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने ते कॉम्प्युटरला लावलं. "काकू, अर्धवट उघडतंय. यात नुसते गेम आहेत. कुणीतरी फॉरमॅट करून वापरलंय."

"त्याआधीचं मिळेल?"

"एकावर एक इतकं भरलंय, खालचं राहिलं नसणार. उगाच आशा लावत नाही तुम्हाला."

नवं कार्ड घेऊन घरी आले, यंत्रात बसवलं. यंत्राने विचारलं : यावरचं सगळं पुसलं जाईल, पुसायचं? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं : नक्की?

दोनदा विचारतं ते, अहो. तुम्ही दोन्ही वेळा हो म्हणालात. पाकिटातलं कार्ड कुणाचं, त्यात काय आहे, बघावंसं वाटलं नाही? तपासणी काय फक्त कारखान्यातल्या वस्तूंची होती?

रिकामं समजून घातलंत, असं धरून चालते. दुष्ट तुम्ही नव्हतात. पण मी सगळं घर उलथंपालथं करत होते, तेव्हा तुम्हाला कळलं होतं. पलंग सरकवायला तुम्हीच आलात. खाली बॅटरी मारून म्हणालात, "इथे नाही." कार्ड त्या वेळी खिडकीतल्या गेममध्ये होतं.

त्याच दिवशी सांगितलं असतंत तर माफ केलं असतं, असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवस बोलले नसते. तेवढ्या अबोल्याला भिऊन तुम्ही माझी बहीण देऊन टाकलीत.

आणि मी ती जाऊ दिली. ते माझं मी तिला सांगेन, तुमच्यावर ढकलणार नाही.

उद्या सकाळच्या एसटीने सिन्नरला जाते. फोन करणार नाही. ती उचलणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. "कुंदा, तू दिलं होतंस," एवढं तिने माझ्या तोंडून ऐकायला हवं. आईचा आवाज मी तिला आणून देऊ शकत नाही.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. कारखान्यातले मित्र येतील, तुम्ही किती चोख होतात ते सांगतील. त्यांचं बोलून झालं की मी उभी राहून हे पत्र वाचणार आहे. पानं वाढायच्या आधी. कुंदा आली तर तिच्यासमोर, नाही आली तरी सगळ्यांसमोर. हा माझा शब्द. तुम्हाला काही सांगायचं होतं, तर तीन वर्षं होती.

सुलभा